चुना मागणारी प्रवाळं

माझा मोठा भाऊ हाडाचा चुनावैरी. आमच्या वडिलांनी, आबांनी, गावाकडून सुरतेला पाठवल्यापासून तो जवळच्या पलसाण्याच्या एका रंगाईच्या कारखान्यात पाणी तपासायचा. पाण्यात चुना जास्त असला की कापडावर रंगाचे डाग पडतात, म्हणून जड पाणी मऊ करणं हेच त्याचं काम. भेस्तानच्या आमच्या दोन खोल्यांत बादलीला पांढरा थर दिसला तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची.

नव्वदच्या दशकात त्याच्या शेठनी बंगला बदलायला काढला. जुन्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची भली मोठी काचेची टाकी होती, तिच्यात जिवंत प्रवाळं. "आ बधुं फेंकी दो," शेठ म्हणाले. दादाला ते फेकवेना. तो सगळीच्या सगळी घरी घेऊन आला. त्यांच्यासाठी त्याने एक जुनी टाकी मिळवली, ती शेठच्या टाकीच्या निम्मीही नव्हती. प्रवाळं तिच्यात लग्नसराईतल्या एस.टी.सारखी कोंबून बसली.

"माणसेसले पाय पसराले जागा नही, नि दगडेसना पाहुणचार!" वहिनी म्हणाली.

"दगड नही, जीव से त्यासमा," दादा म्हणाला, आणि घरातला एकुलता एक पंखा टाकीच्या पाण्यावर रोखला. सुरतेच्या उन्हाळ्यात आम्ही घामाने निथळत होतो आणि प्रवाळं गारव्यात होती. मी मनातल्या मनात त्यांना शिव्यांची लाखोली वाहत होते.

पाणी आटायचं, तेवढं दादा रोज भरायचा. त्यासाठी कारखान्यातलं मऊ पाणी तो कॅनमधून आणायचा. आपल्याकडचं सगळ्यांत चांगलं ते पाहुण्यांना द्यायचं, असा त्याचा हिशेब. आणि प्रवाळं फिकी पडू लागली. वाढ थांबली. एक फांदी टोकापासून मेली. दादाला जेवण जाईना. वाचवायला म्हणून आणलेली प्रवाळं आपल्याच हातून मरतायत, हे त्याला सोसत नव्हतं. त्याने मीठ बदललं, दिवा बदलला, प्रवाळांसोबत आलेले मासे देऊन टाकले. काही उपयोग झाला नाही.

शेवटी त्याने आपल्या धंद्याची रीत वापरली. मेलेल्या फांदीवर आम्लाचा थेंब टाकला. बादलीवरचा पांढरा थर फसफसतो तशी फांदी फसफसली. दादा बघतच राहिला. प्रवाळाचं हाडच चुन्याचं! एवढ्या गर्दीने टाकीतला चुना कधीच खाऊन संपवला होता, आणि हा त्यांना रोज बिनचुन्याचं पाणी पाजत होता. मला हसू आवरेना. माझ्यामागोमाग तोही हसला, डोळे पुसत.

मग तो स्वतः जाऊन चुना घेऊन आला. चुन्याची निवळी सलाईनच्या नळीने थेंब थेंब टाकीत सोडू लागला. एकदम ओतली तर प्रवाळं मरतील, म्हणून नळीपाशी बसून राहायचा. एवढी चिकाटी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. हळूहळू रंग परतले, फांद्यांना नवी पांढरी टोकं फुटली. एक जांभळं प्रवाळ तर असं तरारलं की शेजारपाजारचे बघायला येऊ लागले. मला दादाचा फार अभिमान वाटला.

पण वाढली, तशी ती एकमेकांना भिडली. भिडली की एकमेकांना भाजून काढतात. काही कमी केल्याशिवाय बाकीची जगणार नव्हती. शेठच्या नव्या बंगल्यात आता मोठी टाकी आली होती. काही प्रवाळं परत घ्यायला शेठ राजी झाले. दादाने बादली घेतली आणि नेमकं ते जांभळं प्रवाळ उचललं.

मी भडकले. "एवढं जीव लावून वाढवलं, आणि तेच द्यायचं? ते कोपऱ्यातलं मरतुकडं दे की!"

"मरतुकडं तठे टिकाव नही. जो तगी, त्यालेच धाडनं पडस," तो म्हणाला. मग बादलीवर ओलं फडकं झाकताना, माझ्याकडे न बघता बोलला, "आबानी तीन पोरेसमाईन सुरतले माले का धाडं व्हतं, मंग?"