नऊ पोती आणि आतली चिठ्ठी

ती फिर्याद मी विसरणं शक्य नाही, कारण त्या दिवशी मी एका निरपराध मुलीला चोर ठरवायच्या बेतात होतो.

तेव्हा मी कर्जतकडे नेमणुकीला होतो. कळंबच्या एका शेतकऱ्याच्या खोलीतून भाताच्या बियाण्याची नऊ पोती भरदुपारी गेली. घरचे सगळे शेजारच्या साखरपुड्याला गेलेले. कुलूप शाबूत. किल्ल्या दोनच, एक शेतकऱ्याकडे आणि दुसरी त्यांच्याकडच्या कृषिकन्येकडे. कृषी महाविद्यालयातली शेवटच्या वर्षाची मुलं काही महिने गावात राहून शेतकऱ्याबरोबर राबतात, त्यातलीच ही, खालापूरकडची. तिच्या सरांनी फोनवर बजावलं होतं, संशय मिटला नाही तर परत बोलावू, कार्यानुभव पुढच्या वर्षी पुन्हा. म्हणजे वर्ष गेलं.

आम्ही बोलावलं नव्हतं, तरी ती शेतकऱ्याच्या बायकोला घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळीच ठाण्यात आली.

"सायेब, ही पोर तसली नाय," काकू म्हणाल्या. "आमी उठायच्या आदी शेतात आसती."

मी मुलीला चार वेळा विचारलं, "किल्ली कुणाला दिली होतीस?" चारही वेळा एकच उत्तर, "कोणालाच नाही, सर." चारदा तेच सांगणारा माणूस एकतर खरा असतो, नाहीतर पाठ करून आलेला. मी आपला पोलिसी शहाणपणा वापरून दुसरं धरलं.

दुपारी दहिवलीच्या एका चहावाल्याची खबर आली. मंडपाच्या खुर्च्या वाहणारा टेंपो भाताची पोती भरून उभा आहे. हवालदारांनी चालकासकट टेंपो ठाण्यात आणला. साखरपुड्याच्या खुर्च्या यानेच पोहोचवल्या होत्या, पण गडी अगदी निवांत.

"मामाच्या शेतातलं भात हाय, सायेब. भातावर काय कुनाचं नाव लिवलेलं आसतं?"

पोत्यांवर खूण नव्हती. शेतकऱ्याला बोलावून दाखवलं, त्याने दाणे तळहातावर चोळून बघितले आणि परत पोत्यात टाकले. तसलं भात अर्धा तालुका पिकवतो.

तेवढ्यात बाकावरून आवाज आला, "सर, नाव आहे. पोती ओता."

"अगं पोरी, ठाण्यात खळं घालतेस का?" हवालदार म्हणाले.

"बियाण्याच्या पोत्याला दोन चिठ्ठ्या लागतात. एक बाहेर शिवणीत, एक आत. बाहेरची फाटते, म्हणून आतली. कॉलेजच्या सरांनी आमच्याकडून दहादा करून घेतलंय. घरची पोती मीच भरली होती."

पंचांसमोर ताडपत्री अंथरली. पहिल्या पोत्यातून नुसतं भातच पडत राहिलं. चालक हसला. मुलगी मात्र खाली बसून हाताने भात पसरत होती. पोतं झटकलं तशी शेवटी प्लास्टिकमधली चिठ्ठी पडली. वाणाचं नाव, शेतकऱ्याचं नाव आणि खाली हिची सही. नऊ पोत्यांत नऊ चिठ्ठ्या.

"आयला, आत पन आसती व्हय?" म्हणत चालक खालीच बसला. मग त्याने सगळं सांगितलं. कोयंड्याचे स्क्रू काढून पुन्हा बसवले होते. मी कुलपाकडे बघत बसलो होतो, कोयंड्याकडे नाही.

काकूंनी डोळे पुसले. पंचनाम्यात मी 'तांदूळ' लिहिलं, तर ही पोरगी मलाच म्हणते, "सर, भात लिहा. तांदूळ गिरणीतून आल्यावर." निमूटपणे खोडून सही केली.

सकाळभर मी तिला किल्लीबद्दल विचारलं, कामाबद्दल एक प्रश्न नाही. याची मला खरंच लाज वाटली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक जबाबात माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "तुझं रोजचं काम काय आणि ते कसं करतोस, ते आधी सांग."

सगळं आटोपलं तरी मुलगी जाईना. तिने वही पुढे केली.

"सर, आजची हजेरी? शेतात गेलेच नाही. जिथं काम केलं तिथल्या अधिकाऱ्याची सही लागते."

मी लिहिलं, 'आज दिवसभर आपल्या विषयाचे काम केले. काम उत्तम.' वर ठाण्याचा गोल शिक्का मारला.

आठवड्याने तिच्या सरांचा फोन आला, वहीतला पोलिसांचा शिक्का खरा आहे का म्हणून.

म्हटलं, "शिक्का खरा आहे, आणि मुलगीही."