दहापर्यंत मोजणाऱ्या बाई

गणिताच्या बाईंची वर्गात एक खोड होती. प्रश्न विचारला की त्या मनातल्या मनात दहापर्यंत मोजायच्या आणि तोवर कुणाचंही उत्तर ऐकून घ्यायच्या नाहीत. हुशार मुलं हात वर करून कासावीस व्हायची. पण शेवटच्या बाकावरची एक मुलगी आठ-नऊच्या सुमाराला कुठे हात वर करायची, आणि तिचं उत्तर सहसा चुकायचं नाही.

मग शाळा मोबाइलवर गेली आणि धडे तयार करायचं काम बाईंच्याच गळ्यात पडलं. पहिलं रेकॉर्डिंग बघताना त्यांना आपलं ते गप्प राहणं सहन होईना. ठोंब्यासारखी काय बघत बसलेय मी! त्यांनी प्रत्येक प्रश्नानंतरची शांतता कापून टाकली. प्रश्न, लगेच उत्तर, की पुढचा प्रश्न. धडा कसा सुटसुटीत झाला! मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. आता ते आठवलं की बाईंना ती पाठ जळल्यासारखी वाटते.

वर्षभराने शाळा उघडली. बाईंनी फळ्यावर गणित मांडलं, प्रश्न विचारला आणि मोजायला लागल्या. आठ झाले, नऊ झाले, दहाही झाले. शेवटच्या बाकावर ती मुलगी मान खाली घालून बसली होती.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला जवळ बोलावलं. "काय गं, विसरलीस की काय सगळं?"

"नाही बाई," ती चाचरत म्हणाली. "मोबाइलवर तुम्ही थांबायचाच नाहीत. मला वाटलं, माझ्यासाठी थांबून थांबून कंटाळलात तुम्ही."

बाईंना उत्तर सुचेना. मुलगी मात्र समोर उभी होती. दहा केव्हाच होऊन गेले, तरी ती थांबली होती.