पुराव्याचे पावणे

“पावणं! अवो थोरलं पावणं! मामास्नी भाईर काढा! घोडी हायत ती, घोडी!”

पंचगंगेच्या काठावर, बावड्याच्या बंधाऱ्यापाशी, भल्या सकाळी माझा साडू असा बोंबलत उतारावरनं पळत येत होता. एका हातात कागदांचं भेंडोळं, दुसऱ्या हातात घसरू पाहणारी ट्रॅकपँट. आमचे सासरे, म्हणजे मामा, गुडघाभर गार पाण्यात उभे, आणि त्यांचा दंड धरून शेजारी मी. म्हशी धुणाऱ्या मंडळींनी घोडी कुठं आली म्हणून माना वळवल्या. म्हशींनीसुद्धा वळवल्या. पण घोडं औषधालाही नव्हतं. पाण्यात होतो ते मी आणि मामा.

घोड्यांकडे येतोच. आधी हा माणूस समजून घ्यायला हवा. पुराव्याशिवाय साधं शिंकतसुद्धा नाही असा इसम देवानं अख्ख्या पृथ्वीवर एकच घडवला, आणि घडवून झाल्यावर हात झटकून तो नेमका माझ्या सासुरवाडीला पाठवून दिला.

तो यायच्या आधी त्या घरात माझं राज्य होतं. मी हायस्कुलात खेळाचा मास्तर, तरुणपणी लाल मातीत लोळलेला. कुणाचा पाय मुरगळू दे, कुणाची मान धरू दे, “थोरल्या पावण्यास्नी बोलवा” हा एकच हुकूम सुटायचा. मामांची म्हैस लंगडली तरी पहिला फोन मला आणि दुसरा जनावरांच्या डॉक्टरला. रविवारी मटण शिजलं की पातेल्यातली नळी न विचारता माझ्या ताटात पडायची. ज्यांना सासुरवाडी आहे त्यांना नळीचा अर्थ सांगायला नको. ते हाड नसतं, ती गादी असते.

मग धाकट्या मेव्हणीचं लग्न झालं आणि हा आला. कॉलेजात क्रीडा संचालक, वर पैलवानांच्या गुडघ्यांवर पीएच.डी. करत असलेला. अंगानं असा, की तालमीत शिरला तर वस्तादानं त्याला खुंटीवर अडकवला असता. पण त्याच्याकडे विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं लॉगिन होतं. जगभरच्या डॉक्टरांनी आणि खेळशास्त्रवाल्यांनी जे काही लिहून ठेवलंय, ते त्या लॉगिनच्या पलीकडे एका डेटाबेसमध्ये साठवलेलं असतं म्हणे, आणि किल्ली याच्या खिशात. ग्रंथालय उघडायच्या आधी हा पायरीवर हजर. आवारातले मोर त्याला ओळखायचे. रखवालदार रजेवर असला की पिसारा मिटून त्याला वाट द्यायचे.

त्याचं शोधणं बघण्यासारखं, हे मला जळत जळत का होईना, कबूल केलं पाहिजे. आधी दोन-चार शब्द टाकून तो भलंमोठं जाळं फेकायचा. पडद्यावर हजारो पेपर वळवळायला लागायचे. मग एकेक चाळणी. जुने गळाले. अर्धवट गळाले. नुसतीच मतं मांडणारे गळाले. शेवटी तळाशी पाच-सहा उरले की त्यांच्याकडे असा टक लावून बघायचा, की मेव्हणी एकदा मामींना म्हणाली, “लग्नात अंतरपाट धरला तवा बी माझ्याकडं असं बघिटलं न्हाईत.”

हे सगळं ग्रंथालयात राहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण हा ते घरी आणायचा. मामींनी कुणाच्या सुजेवर हळदीचा लेप लावला, की हा मान तिरकी करून सांगायचा, “मामी, हळदीवर कागद लई हायत, पर दर्जा मध्यम.” जन्मात कुणी दर्जा न दिलेल्या मामी तेवढ्यावरच खूश. नात्यातल्या एका पोराला मुलगी बघायला गेलो. चहा फक्कड झाला होता, सगळे माना डोलावत होते, तर हा मुलीच्या बापाला म्हणतो, “एका कपावरनं काय सांगता येत न्हाय, पावणं. नमुना लहान हाय.” बिचाऱ्या बापानं घाबरून दुसरा कप मागवला. तोही फक्कड निघाला म्हणून लग्न जमलं.

पण खरा वार त्यानं पांढऱ्या रश्श्यावर केला. पांढऱ्यानं दम वाढतो असं मी भर पंगतीत बोललो. चाळीस पिढ्या जे मानत आल्या ते बोललो. हा म्हणाला, “बघू की तपासून.” लगेच घरातल्या माणसांचे दोन गट पाडले. एका गटाला पांढरा रस्सा, दुसऱ्याला तुलनेसाठी वाटीभर गरम पाणी. मग सगळ्यांनी माळवदाच्या पायऱ्या चढायच्या आणि हा नाडी मोजणार. गट पाडायला चिठ्ठ्या टाकल्या होत्या असं तो आजही शपथेवर सांगतो. मी गरम पाण्यात निघालो. माझ्या डोळ्यांदेखत तो वाटीवर वाटी पांढरा ओढत होता, आणि मी थोरला जावई, पाणी फुंकून पीत होतो. प्रयोगाचा निकाल काही ठाम लागला नाही. पण मामांना त्या दिवशी इतकं हसू आलं की त्या हसण्याच्या भरात मामींच्या हातनं नळी धाकट्याच्या ताटात पडली. मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, “अवो, चुकून पडली आसंल.” पुढच्या रविवारीही चुकूनच पडली.

अशात मामांचे गुडघे गेले. मामा म्हणजे एकेकाळचे नावाजलेले पैलवान. उसाची शेती पोरांवर सोपवून रोज सकाळी तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसणं हा त्यांचा उरलेला श्वास. तो बंद झाला. माणूस खाटेवर. तालीम तीन गल्ल्या पलीकडे. वारा इकडचा असला की शड्डूचा आवाज खाटेपर्यंत यायचा, आणि मामा भिंतीकडे तोंड करायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हालचाल ठेवा म्हणून सांगितलं. मामांनी गोळ्या तेवढ्या ठेवल्या. एका रविवारी म्हणाले, “दोन दोन जावई गुडघ्यातलं कळणारं, आनि मी हितं गाठोडं हून पडलोय. कायतरी करा की.”

म्हणाले दोघांना. बघितलं धाकट्याकडं.

दुसऱ्या दिवशी मी साडूला म्हणालो, मलाही दाखवा तुमचा तो खजिना. त्याच्या जागी मी असतो तर टाळलं असतं. हा मात्र लहान पोरासारखा हरखला. ग्रंथालयात नेलं, शेजारी बसवलं, जाळं कसं टाकायचं ते शिकवलं आणि “तुम्ही बघा निवांत” म्हणून चहाला गेला. मी शब्द टाकले: गुडघेदुखी, खेळाडू, पाणी. आले मोजके पेपर. मग माझी नजर कडेच्या चाळण्यांवर गेली. तिथं त्यानं एका चौकोनात खूण करून ठेवली होती: ‘फक्त माणसं’. मला हसू आलं. खेळाच्या शास्त्रात माणसं सोडून दुसरं कोण असणार? उगाच पुस्तकी नखरे! मी ती खूण काढून टाकली. आणि काय सांगू, पेपरांचा असा लोंढा आला की माझी छाती फुगली. त्याला जेवढे सापडतात त्याच्या कितीतरी पट! आणि वरच माझं रत्न, मथळ्यातला एक अवघड इंग्रजी शब्द ओलांडून वाचलेलं: शर्यतीत धावणारे, गुडघे दुखावलेले, रोज गार पाण्यात उभे केलेले, आणि चांगले सुधारलेले. वजनाच्या रकान्यात एकेकाचं वजन आपल्या निम्म्या तालमीएवढं होतं, तेव्हा क्षणभर थबकलो. मग म्हटलं, परदेशी खुराक, असतील.

पुढं काय झालं ते सगळ्या बावड्यानं बघितलं. मी मामांना गाडीवर घालून नदीवर नेलं. वाटेत भेटेल त्याला “विद्यापीठातलं संशोधन हाय” म्हणून सांगितलं. पाण्यात उभं करायच्या आधी तो पेपर साडूच्या मोबाइलवर पाठवला, खाली लिहिलं, ‘वाचा जरा.’ इथंच घात झाला. त्यानं वाचला. पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा पेपर वाचणारा हा जगातला एकमेव माणूस. त्यात पुढच्या पायरीला पाण्यातच दुडक्या चालीनं फिरवायचं लिहिलं होतं, आणि मी ते करणार याची त्याला खात्री होती. म्हणून तो ट्रॅकपँट सावरत पळत आला.

“घोड्याला काय गुडघं नसत्यात व्हय?” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

मामा पाण्यातनंच म्हणाले, “मग आता खरारा तेवढा करायचा ऱ्हायला म्हणा.”

नदीचं पाणी हसलं, म्हशी हसल्या. दुपारपर्यंत ही बातमी साखर कारखान्याच्या काट्यापर्यंत पोचली. महिनाभर मी वर्गात शिरलो की मागच्या बाकांवरनं टापांचा आवाज यायचा.

साडू आता हे पंगतीपंगतीला वाजवणार याची मला खात्री होती. मी तेच केलं असतं, तेही ढोल लावून. पण तो दोन-तीन दिवस गायब झाला आणि एका संध्याकाळी माझ्या दारात उभा. चेहरा पडलेला. म्हणाला, “पावणं, लई शोधलं बगा. गार पाण्यात हुबं ऱ्हायल्यानं माणसांचं गुडघं सुधारत्यात, असं ठाम कायच सापडंना.” माझी लाज झाकायला हा माणूस तीन दिवस ग्रंथालयात माझ्यासाठी पुरावा शोधत बसला होता! आणि सापडला नाही म्हणून अपराधी तोंडानं उभा होता. खोटं सांगितलं असतं तर मलाच काय, मोरांनाही कळलं नसतं. पण तेवढं एक त्याला येत नाही.

“मांडीच्या व्यायामाचं मात्र पक्कं हाय,” तो म्हणाला, “खुर्चीवरनं सावकाश उठायचं, सावकाश बसायचं. डॉक्टरास्नी इचारलं, व्हय म्हणालं. पर मामा माझं ऐकत न्हाईत. म्हणत्यात, कागदावरच्या पैलवानानं मला बैठका शिकवू न्हायत. तुम्ही करून घ्या. तुमचा हात लागला की ते उठत्यात.”

हे ऐकून मला किती आनंद झाला ते सांगणार नाही. पुरावाही नाही.

तेव्हापासनं रोज सकाळी आम्ही दोघं मामांच्या दारात. मी मामांना उठवायचं-बसवायचं. तो शेजारी कागद धरून “सावकाश, सावकाश” करायचा. मामा दोघांना शिव्या घालायचे. आधी खुर्ची, मग अंगण, मग गल्लीचं तोंड, आणि उन्हाळ्याच्या सुमारास एका सकाळी मामा काठी टेकत तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. शड्डू ठोकणाऱ्या पैलवानाला तिथनंच ओरडले, “मांडीत जीव न्हाय व्हय रं?” आमच्या दोघांच्याही डोळ्यांत काहीतरी गेलं. धुळीचे दिवस होते.

परवा साडूची पीएच.डी. झाली. मामांनी मटण घातलं. हा मात्र खाली मान घालून जेवत होता. रश्श्यावर काही नाही, लोणच्यावर काही नाही. मलाच कसंतरी झालं. शेवटी कोपरानं ढोसून म्हटलं, “पांढऱ्याला पुरावा काय वो?”

“लॉगिन बंद झालं, पावणं,” तो म्हणाला. “विद्यार्थी न्हाय ना मी आता.”

इतकी वर्षं मी ज्या किल्लीवर जळलो ती गेली, आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी मामांनाच मोठ्यानं विचारलं, “मामा, आज ह्यांच्यादेखत सांगून टाका. गुडघं नेमकं कशानं बरं झालं? माझ्या नदीनं का ह्यांच्या खुर्चीनं?”

साडूनं मान वर केली. डोळ्यांत जुनी चमक. “एकाच माणसावरनं तसं सांगता…”

मामांनी नळी सरळ आपल्या ताटात ओढली, ताटाच्या काठावर दोनदा ठोकली, चोखली आणि बाजूला ठेवली.

“कशानं न्हाय. तुम्ही दोघं सक्काळी दारात येऊन हुबं ऱ्हातासा. उठाय लागतंय.”