पिलाताचं नाव

ठाण्याच्या ब्रिजिट फुर्ताडो यांनी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर त्या चर्चमध्ये दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देऊ लागल्या.

एकदा नववीतल्या शेरलने विचारलं, "टीचर, येशू खरंच होऊन गेला?"

वर्ग बघायला आलेले धर्मशिक्षणाचे प्रमुख, कायतान, खेकसले, "शंका काढतेस? माफी माग!"

बाईंचा पारा चढला. "माफी कशाची? आपण विश्वासाच्या प्रार्थनेत पिलाताचं नाव का घेतो? तो खरोखरचा रोमन सुभेदार होता. त्याने ख्रिस्ताला देहदंड दिल्याचं रोमन इतिहासकारानंही लिहिलंय. हे सांगायचं सोडून पोरीला गप्प बसवता?"

पुढच्याच आठवड्यात कायताननी बाईंचा वर्ग काढून घेतला. बाईंनी तो घरी सुरू केला. शेरल नऊ मैत्रिणींना घेऊन आली. कायतान रस्त्यात दिसले, की बाई अजूनही तोंड फिरवतात.