पत्नीच्या स्मरणार्थ संडास

वाचनालयाच्या सभासदांनो, आज दुपारी ग्रामपंचायतीत जे घडले, ते या फळ्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

माझी पत्नी दोन महिन्यांपूर्वी वारली. मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण, असे डॉक्टरांचे निदान होते. दिवसातून दहा-बारा वेळा रक्ताचे जुलाब होत. बाईमाणसाने उजाडण्यापूर्वी किंवा अंधार पडल्यावरच बाहेर जावे, हा मुकुटबनचा रिवाज. दिवसा जावे लागू नये म्हणून ती उपाशी राही. अशी सहा वर्षे गेली.

तिच्या स्मरणार्थ गावातील स्त्रियांसाठी संडास बांधण्याची परवानगी मी आज मागितली.

सरपंच म्हणाले, "मास्तर, लोक बायकोच्या नावानं पाणपोई बांधतेत. तुमाले हेच काहून सुचलं?"

एक पंच म्हणाले, "वहिनीचं नाव संडासावर? काही लाज हाय का नाही?"

सगळे हसले आणि अर्ज परत मिळाला.

लाज मला आहेच. परसात जागा असूनही, लोक काय म्हणतील म्हणून मी तिच्यासाठी संडास बांधला नाही. आता तिथेच बांधीन आणि दार गल्लीकडे ठेवीन.

सभासदांनो, तुमच्या घरातील स्त्रिया दिवसभर काय सोसतात, हे तुम्ही कधी विचारले आहे काय?