दोन सह्यांची बाई

माझ्या मावसबहिणीला घरातले सगळे फाईलताई म्हणतात. चौथीत असताना तिने वडिलांच्या औषधांच्या चिठ्ठ्या, आईची किराण्याची यादी आणि थोरल्या भावाचं प्रगतिपुस्तक एका दोऱ्यात ओवून वर अनुक्रमांक घातले होते. भावाने प्रगतिपुस्तक गादीखाली लपवलं होतं. पण फाईलताईच्या राज्यात काही हरवायची सोय नाही.

असं माणूस पुढे व्हर्च्युअल असिस्टंट झालं, यात नवल नाही. म्हणजे साहेब त्यांच्या कचेरीत, ही आपल्या घरी आणि मधे इंटरनेट. त्यांची पत्रं लिहायची, भेटी ठरवायच्या, विसरलेलं आठवून द्यायचं आणि नको असलेलं विसरायला मदत करायची. सासूबाईंनी या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा नवरोबा म्हणाले, "आभासी सहायक."

"म्हणजे हिची मदत नुसती भासते?"

"नाही गं आई, मदत खरी. बाई दिसत नाही एवढंच."

"मग घरच्या कामालाही तसंच चाललंय म्हणायचं," सासूबाई म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या.

फाईलताईचे साहेब दोन. सकाळी खुर्चीवाले, दुपारी हॉलवाले. पहिल्यांचा खुर्च्यांचा कारखाना, दुसऱ्यांची तीन सभागृहं. खुर्चीवाल्यांची नोकरी लग्नाआधी धरलेली, म्हणून तिथे सही माहेरच्या नावाची. हॉलवाल्यांची लग्नानंतरची, तोवर कागदपत्रं बदललेली, म्हणून तिथे सासरच्या नावाची. यात कपट काडीचं नव्हतं. पण जगाच्या लेखी एका बाईच्या दोन बाया झाल्या. नवरोबांनी त्यांची नावंही ठेवली, माहेरबाई आणि सासरबाई.

साहेबांनी तिला कधी पाहिलं नव्हतं की ऐकलं नव्हतं. ते आवाजी निरोप पाठवत, ही लेखी उत्तर देई. हत्यारं मात्र परजून ठेवलेली. खुर्चीवाल्यांची खिडकी स्क्रीनवर निळ्या कडेची, हॉलवाल्यांची लाल कडेची. दोघांची वेगळी कॅलेंडरं, पासवर्ड ठेवायची कुलूपबंद पेटी, ठरल्या वेळी मेल आपोआप सोडणारी सोय आणि बोललेलं टाइप करून देणारा प्रोग्रॅम. हा प्रोग्रॅम सोवळा होता. शिवी आली की तिथे टिंबं टाकायचा. हॉलवाल्यांचा एखादा निरोप तीन शब्दांचा आणि बाकी टिंबांचा असे.

पण ही झाली हत्यारं. खरं कसब त्या टिंबांचं सभ्य मराठी करण्यात होतं. साहेब लोक सहायक कशाला ठेवतात? वेळ वाचवायला, असं ते सांगतात. खरं म्हणजे कुणाला तोंडावर नाही म्हणायला यांची जीभ रेटत नाही. मग रागवायचं यांनी आणि वाईटपणा घ्यायचा सहायकाने. तिने मसुदा करून पाठवला की दोघेही न वाचता कळवत, "ओके, पाठवा."

आणि एक दिवस लाल खिडकीत हॉलवाल्यांचा निरोप आला. मोठ्या हॉलसाठी घेतलेल्या तीनशे खुर्च्या कुरकुरतात. वक्ता गंभीर झाला की श्रोते हलतात आणि श्रोते हलले की सगळा हॉल हसतो. कारखानदाराला झाडा. पुढे सोळा टिंबं.

कारखानदाराचं नाव वाचून फाईलताईने हातातला चहा खाली ठेवला. ते निळ्या खिडकीतले.

तेव्हाच दोघांना सांगून टाकायला हवं होतं. तिलाही ते कळत होतं. पण दोघांनी कामावर घेताना एकच अट घातली होती, इथली गोष्ट बाहेर जाता कामा नये. आता ती बाहेर म्हणजे शेजारच्या खिडकीत जाणार होती. खरं कळलं तर दोन्ही नोकऱ्या जातील आणि पुन्हा त्या शिकवणीवर्गाच्या काउंटरमागे उभं राहावं लागेल, जिथे तिने चार वर्षं दुसऱ्यांच्या मुलांच्या मार्कांबद्दल बोलणी खाल्ली होती. "सोमवारी सांगते," असं तिने ठरवलं. शिस्तीची माणसं चूकसुद्धा तारीख घालून करतात.

तिने सासरबाई म्हणून लिहिलं, 'आपल्या खुर्च्यांच्या आवाजाविषयी श्रोत्यांकडून काही सूचना आल्या आहेत.' पाठवलं. मग निळी खिडकी उघडून, माहेरबाई होऊन, तेच पत्र पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं वाचलं आणि खुर्चीवाल्यांना सारांश कळवला. ते गरजले, "सांगा त्याला, खुर्च्या कुरकुरत नाहीत, बसणारे कुरकुरतात!"

तिने लिहिलं, 'आवाजात बसणाऱ्यांचाही काही वाटा असावा, असे आमचे नम्र मत आहे.'

दुपारी ते लाल खिडकीत वाचलं आणि तिचाच पारा चढला. "नम्र मत म्हणे! काय खवचट बाई आहे!"

"कोण गं?" नवरोबांनी विचारलं.

"ती खुर्चीवाल्यांची."

"अगं, ती तूच."

"असेन. पण म्हणून काय वाट्टेल ते लिहायचं?"

महिनाभर आपलेच दात, आपलेच ओठ असा प्रकार चालला. उत्तर लगेच गेलं तर संशय येईल, म्हणून ती मेल दोन तासांनी सुटेल असं लावी. त्या दोन तासांत रीतसर फुगून बसे. एकदा लाल खिडकीत टाइप करताना ती इतकी पुटपुटत होती की सासूबाई दारात आल्या.

"सूनबाई, कुणाशी भांडतेस?"

"स्वतःशीच, आई."

"मग चालू दे. मला वाटलं माझ्याशी."

शेवटी तीच कंटाळली. स्वतःशी भांडण्यात एक अडचण असते, समोरच्याचा पुढचा मुद्दा आधीच माहीत असतो. तिने निळ्या खिडकीतून प्रस्ताव धाडला की खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट बसवून देतो, आणि लाल खिडकीतून तो सन्मानाने स्वीकारला. दोन्हीकडून "ओके, पाठवा" आलं. बाराशे बूट बसले. हॉल गप्प झाला.

आणि इथेच तिचं कसब तिच्या मुळावर आलं. दोन्ही साहेबांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तो पत्रव्यवहार वाचला. इतका सुसंस्कृत कारखानदार! इतका समंजस हॉलवाला! दोघे भेटले, जेवले, तिसऱ्या भेटीत भागीदार झाले. समारंभाला हॉल आणि खुर्च्या एकाच ठिकाणी. पुढचा शहाणपणा ओघाने आलाच. कचेरी एक, तर सहायक दोन कशाला?

आपलीच ठेवावी, असं दोघांनाही वाटत होतं. म्हणून दोघांनी आपापल्या बाईंना गुपचूप विचारलं, "त्या दुसऱ्या बाई कशा आहेत? अगदी मोकळेपणाने सांगा."

आता आली का पंचाईत! इथे दुसरं कुणी असतं तर खोटं लिहिलं असतं. फाईलताईने मान खाली घालून दोन गोपनीय अहवाल लिहिले. माहेरबाईने लिहिलं, 'कामात चोख, परंतु भाषेत टोमणा जाणवतो.' सासरबाईने लिहिलं, 'शिस्त उत्तम, परंतु उत्तर द्यायला दोन तास लावतात.' दोन्ही वाचून नवरोबा म्हणाले, "दोन्ही खरं आहे." त्या दिवशी त्यांना स्वतःचा चहा स्वतः करून घ्यावा लागला.

अहवालांवरून निकाल लागेना, तेव्हा साहेबांनी बैठक ठेवली. बुधवारी सकाळी अकरा, दोन्ही सहायक हजर, कॅमेरे चालू. बैठकीचं आमंत्रण दोन्हीकडून तिनेच पाठवलं आणि दोन्हीकडून तिनेच स्वीकारलं.

"तू लॅपटॉपवर बस, मी ओढणी घेऊन फोनवर बसतो," नवरोबा म्हणाले.

"अहो, तुम्हाला मिशी आहे."

"सासरबाईला असू शकते."

बुधवारी ती एकटीच बसली. एकच खिडकी उघडली, कडेला कुठलाच रंग नाही, खाली नाव माहेरचं. पलीकडे दोन साहेब, एक टक्कल, एक चष्मा.

"नमस्कार ताई," टक्कल म्हणालं. ते खुर्चीवाले. "हॉलवाल्यांच्या बाई अजून आल्या नाहीत का?"

"आल्यात, साहेब."

"कुठे? दिसत नाहीत."

"ह्याच. एक माझं माहेरचं नाव, एक सासरचं. पहिल्याच पत्राला सांगायला हवं होतं. नोकरी जाईल या भीतीने गप्प बसले, ती चूक माझी."

मग चष्मा पुढे सरकला. "म्हणजे माझ्या श्रोत्यांना कुरकुरे म्हणाल्या त्या तुम्ही?"

"म्हणाले ते हे साहेब. मी फक्त 'नम्र मत' घातलं."

"आणि मला बेजबाबदार?" टकलाने विचारलं.

"ते या साहेबांचं. मुळात टिंबं होती, त्यातला सगळ्यात सौम्य शब्द तो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग, रागवायला सोपं म्हणून, तिच्याकडे. हा विश्वासघात आहे, आम्ही विचार करून लेखी कळवू, असं म्हणून बैठक संपली. ती संपवायचं बटण कुठे आहे, हे तिनेच सांगितलं.

दुपारी खुर्चीवाल्यांचा निरोप आला. "ताई, त्या बाईंना, म्हणजे तुम्हालाच, जरा चांगल्या शब्दांत कळवा की यापुढे गरज नाही. सही माझी." पाठोपाठ हॉलवाल्यांचा, "यांना काढल्याचं पत्र तयार करा. वाईट वाटणार नाही असं बघा."

फाईलताईने दोघांना मिळून एकच उत्तर लिहिलं. 'आजवरचे प्रत्येक पत्र मी लिहिले. हे एक तेवढे आपण लिहावे. मसुदा आला की शुद्धलेखन तपासून देईन. उद्याच्या भेटी लावून ठेवल्या आहेत.'

खुर्चीवाल्यांनी संध्याकाळपर्यंत 'आपणांस कळविण्यात येते की' इथवर मजल मारली. पुढे काय येतं, ते त्यांना आठवेना. हॉलवाल्यांनी बोलून पाहिलं, तर कागदावर टिंबं उमटली. मग फोनाफोनी झाली.

"तुम्ही लिहा हो, मी सही करतो."

"छे छे, भाषा तुमची. रबरी बुटांचं ते पत्र काय सुरेख लिहिलं होतंत!"

"ते मी कुठे..." आणि फोन ठेवला गेला.

याला तीन महिने झाले. भागीदारी जोरात चालली आहे. फाईलताई सकाळी खुर्च्यांचं आणि दुपारी हॉलचं काम करते. काम अपुरं सोडणं तिच्या स्वभावात नाही, म्हणून तिने दोघांच्या कॅलेंडरात नोंद घातली आहे, 'सोमवार, सकाळी दहा. सहायिकेस कामावरून कमी करण्याचे पत्र लिहिणे.' दर सोमवारी दहाला दोघांच्या फोनवर घंटा वाजते आणि दहा वाजून एक मिनिटाला दोघांचाही निरोप येतो, "ताई, हे जरा पुढच्या सोमवारी टाका."