कडेचा खेळाडू

वार्निशचा वास आला की अमेरिकेतल्या कॉलेजातली ती दुपार आठवते. फ्रॅटर्निटी हाऊसच्या, म्हणजे तिथल्या मुलांच्या एका मंडळाच्या घराच्या, भिंतीवर मंडळाच्या पहिल्या फुटबॉल टीमचा जुना फोटो लावायचा होता. नुकतंच वार्निश लावलेली फ्रेम लहान पडली, म्हणून कडेचा खेळाडू कापायचं ठरलं. बाकीच्यांच्या स्वेटरवर फ्रॅटर्निटीच्या नावाची ग्रीक अक्षरं होती, त्याच्या अंगावर साधा शर्ट. "तो मेंबर नव्हता यार, फक्त मॅचपुरता घेतलेला," त्या मंडळातला माझा मराठी मित्र म्हणाला. "खेळायला चालला, भिंतीवर चालत नाही?" मी फोटोवर तळहात दाबून ओरडलो. "झालं याचं भाषण सुरू!" मित्र हसला. "थांबा, मी मोठी फ्रेम आणतो," मी अक्षरशः विनवलं. दोघांनी माझा हात उचलला आणि ब्लेड फिरलं. परवा तिथे गेलो होतो. टीम दिमाखात उभी आहे, आणि टोकाच्या खेळाडूच्या खांद्यावर अजून एक हात आहे, ज्याचा माणूस कुठेच नाही.